मारुती उजवा घालून

दस्तगीरभाईंना बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि त्याला कारण मी होतो.

एरवी हा माणूस कायम उभा. सायकलदुरुस्तीचं काम उकिडवं बसून करायचं असतं, सगळे मिस्त्री तसंच करतात. ह्यांनी दुकानाच्या खांबाला छातीएवढ्या उंचीवर दोन आकडे ठोकले होते. सायकल त्यांना टांगायची, पाण्याचं घमेलं उपड्या पिंपावर ठेवायचं आणि पंक्चर उभ्यानेच काढायचं. चहा उभ्याने, भाकरी उभ्याने, गप्पा उभ्याने. गिऱ्हाइकासाठी एक बाकडं होतं, पण मालकच उभा म्हटल्यावर त्यावर ऐसपैस बसायचा कुणाला धीर होत नसे. झुलेखाभाभी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या की ह्यांना खाली टेकलं की इंगळी डसते. दस्तगीरभाई त्याला हरकत घेत नसत.

पन्नास ते साठच्या मधली ही गोष्ट. मी राजापूरकडचा. टायपिंग शिकलो होतो, त्या जोरावर चिंचवड आणि पिंपरीच्या मधल्या एका नव्या कारखान्यात नोकरीला लागलो. यंत्रांचे सुटे भाग करणारा तो कारखाना आता राहिलेला नाही. चिंचवड गावात एक खोली भाड्याने घेतली होती. सहा दिवस कसे तरी जायचे, रविवार खायला उठायचा. समुद्र नाही, माड नाही, जिकडे बघावं तिकडे माळ. खोलीत बसवत नसे आणि बाहेर जाऊन करायचं काय ते कळत नसे. अशाच एका रविवारी स्टेशनजवळच्या पत्र्याच्या दुकानात मी सायकल भाड्याने मागायला गेलो.

उंच, सुकलेला, पन्नाशीला टेकलेला माणूस. हनुवटीवर थोडी दाढी, खिशात पाना. त्यांनी विचारलं कुठं जायचं. मी म्हटलं, कुठं नाही, असंच. त्यांनी मला दिलेली सायकल काढून घेतली आणि आतून दुसरी, चांगली सायकल आणली. तिच्या चाकाला जराही आउट नव्हता, फिरताना ते कुठं डुलत नसे. काम असलेल्या माणसाला कुठलीही सायकल चालते, काम नसलेल्याला चांगली लागते, असं काहीसं ते म्हणाले. आणि उभ्या उभ्या त्यांनी मला त्यांचा रस्ता सांगितला.

रस्ता त्यांचाच म्हणायचा, कारण तो कुठल्या नकाशात सलग नव्हता. चिंचवडहून निगडी, तिथून देहू. देहूला इंद्रायणीचा उतार. हिवाळ्यात घोटाभर पाणी आणि तळाला कातळ, त्यामुळे सायकल, फटफटी, मोटार सगळं पार होई. पलीकडे येलवाडी. मग बैलगाडीची वाट महाळुंग्याला, पुढे खराबवाडीचा चढ, मग चाकण. चाकणहून नाशिकचा रस्ता धरून मोशी, भोसरी आणि परत घरी. सगळं मिळून तीसेक मैल. भंडाऱ्याचा डोंगर मागे पडतो, भामचंद्राचा डोंगर डाव्या अंगाने सोबत करतो, दोन्ही बाजूंना ज्वारी, मधूनच करडईचा पिवळा पट्टा, बांधावर बोरी. खराबवाडीचा चढ चढून वर आलं की वारा तोंडावर येतो आणि खाली चाकणची झाडं दिसतात. मी कोकणातला, हिरवं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या चढावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा इतकं मोकळं मी काही पाहिलं नव्हतं, हे मला कबूल करावं लागलं.

ह्या रस्त्याचा एकच नियम होता. गेल्या वाटेनं परत यायचं नाही.

दुसऱ्याच फेरीला मी तो मोडला. देहूपर्यंत गेलो, ऊन लागलं, उताराच्या कडेला झोपलो आणि आल्या वाटेने परतलो. सायकल देताना थाप मारली की चाकणला चहा घेतला. दस्तगीरभाईंनी सायकल आकड्याला टांगली, मागचं चाक हळूच फिरवलं, टायरच्या नक्षीत नख घातलं आणि म्हणाले, "नदीची काळी हाय. खराबवाडीचा पांढरा मुरूम कुटं सांडला, राव?"

मी ओशाळलो. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुढच्या रविवारी दुकान भाभींवर सोपवून स्वतः माझ्याबरोबर आले. त्यानंतर आम्ही पुष्कळदा एकत्र गेलो. माणसं त्यांना दुरून ओळखायची. महाळुंग्याच्या विहिरीवर मोट हाकणारा थांबून पाणी द्यायचा, कुणी हुरड्याची मूठ पुढे करायचं. दस्तगीरभाई एका पायावर सायकल तोलून सगळ्यांची विचारपूस करायचे आणि पुढचं कुणी थांबा म्हणायच्या आत पायडल मारायचे. येणाऱ्याजाणाऱ्या टायरचा माग मातीत बघून ते सांगत, ही चाकणच्या पोस्टमनची, पुढच्या चाकात हवा कमी हाय. गावात गेलं की खरंच ती पोस्टमनची असे.

त्यांची बोली नळदुर्गाकडची. तिकडून ते इकडे कसे आले ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, देहूच्या उतारात, पाण्यात उभं राहून सायकल धुताना.

"आमचं गाव निजामाच्या हद्दीतलं. गडबड झाली तवा समदेच पांगले, आमीबी निघालो. निवल्यावर मी सायकलवरनं परत गेलो, गेल्या वाटेनंच. घर हुतं तसं हुतं. कुलूपबी हुतं तसं. मला कुनी काय केलं न्हाई. पर ज्या गल्लीत वाढलो तिथली मानसं मला बगून पलीकडच्या कडंनं जायला लागली. लहानपनचा दोस्त हुता, त्यानंबी." त्यांनी मडगार्डवर पाणी मारलं. "तशीच सायकल वळवली. दुसऱ्या रस्त्यानं आलो."

मी चाक धरून उभा राहिलो. तेव्हापासून ते सोलापूर, बार्शी, दौंड, खडकी अशी गावं करत आले होते. कुठं काही वाईट होत नसे. फक्त एक दिवस त्यांना वाटे की आता इथली माणसं तोंड फिरवतील, आणि ती फिरवायच्या आत ते दुकान उचलत. भाभींकडे तेलाच्या डब्यात लावलेलं लिंबाचं रोप होतं. तो डबा प्रत्येक गावाला आला होता. रोप आता कमरेएवढं झालं होतं आणि डब्याच्या बुडाला गंजून भोक पडून त्यातून मूळ बाहेर डोकावत होतं. भाभींचे गुडघे गेले होते. त्या मला म्हणायच्या, "भाई, ह्यांना सांगा की. आता माज्यानं बोचकं बांधवत न्हाई."

आणि तसा योगही आला. कारखान्यात कामगार वाढले, निम्मे सायकलवर येणारे. फाटकाच्या आत सायकलींची शेड आणि दुरुस्तीची जागा काढायचं ठरलं. शेडला लागून एक खोली, मागे हातभर जमीन. एका मिस्त्रीला ती कायमची मिळणार होती. दस्तगीरभाईंनी अर्ज केला. तो मीच टाइप केला. मॅनेजरसाहेबांना त्यांचं काम ठाऊक होतं, त्यामुळे जागा जवळजवळ नक्की झाल्यासारखी होती. त्या दिवसांत दस्तगीरभाई थोडे लाजल्यासारखे वागत. मला म्हणाले, "तिला जबान दिलीय. जागा मिळाली की हे आकडे काडून टाकनार. बसून काम करनार." भाभी फाटकापाशी येऊन मागची जमीन दोनदा बघून गेल्या.

ह्याच सुमारास साहेबांनी नवी मोटार घेतली होती आणि तिला कुठं फिरवावं हा त्यांना प्रश्न पडला होता. कुणी तरी ह्या रस्त्याचं नाव काढलं. ठरलं की रविवारी सगळ्यांनी सहलीला जायचं. साहेबांची आणि चीफ अकाउंटंटची अशा दोन मोटारी, तीन फटफट्या आणि आम्ही दहाबारा सायकलवाले. सायकलवाल्यांनी पहाटे निघायचं, मोटारींनी मागून यायचं, चाकणला किल्ल्याच्या पडक्या भिंतीपाशी सगळ्यांनी जेवायचं. मोटारवाल्यांसाठी रस्ता लिहून काढायला साहेबांनी मला सांगितलं. मी दस्तगीरभाईंकडे वही घेऊन गेलो. ते आकड्याला टांगलेल्या सायकलचे आरे कसत एकेक खूण सांगत गेले आणि मी उतरवत गेलो.

महाळुंगं ओलांडलं की वाट फुटते. त्या फाट्यावर, दोन वाटांच्या बेचक्यात, शेंदराचा मारुती होता. त्या ठिकाणी दस्तगीरभाई म्हणाले, "तितं मारुती उजवा घालायचा. मग सरळ चाकन."

मी लिहिलं, मारुतीपाशी उजवीकडे.

घाटावरच्या कुठल्याही शेतकऱ्याला ह्यातला घोटाळा लगेच कळेल. मारुती उजवा घालायचा म्हणजे तो आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, देवाला प्रदक्षिणा घालताना ठेवतात तसा. म्हणजे वाट धरायची ती डावीकडची. दस्तगीरभाई मारुतीच काय, पीर, विहीर, आंबा, सगळंच उजवं घालत; ज्याला मान द्यायचा ते उजव्या अंगाला, एवढंच त्यांना माहीत. आमच्या कोकणात उजवा म्हणजे देवाचा कौल. उजवा मिळाला की काम करायचं. माझ्या कानाला तो शब्द शुभ लागला, डोक्यात वळण बसलं आणि बोटांनी इंग्रजीत टाइप केलं की मारुतीच्या देवळाशी उजवीकडे वळा. त्या वाटेने मी कितीतरी वेळा गेलो होतो. पण पहिल्या फेरीला लोकांना विचारत, आणि नंतर दरवेळी दस्तगीरभाईंच्या मागून, त्यांच्या मडगार्डकडे बघत.

रविवारी आम्ही सायकलवाले दस्तगीरभाईंबरोबर वेळेत चाकणला पोचलो. कांद्याच्या ढिगांच्या बाजूला चहा झाला. मग आम्ही वाट बघत राहिलो. दहा वाजले, अकरा वाजले, ऊन तापलं. दस्तगीरभाई रस्त्यावर येरझारा घालत होते. बाराच्या पुढे एक फटफटीवाला चिखलाने माखून आला आणि त्याने सांगितलं की मोटारी नदीकाठच्या उसात रुतल्या आहेत.

उजवी वाट खाली इंद्रायणीवर उतरत होती. तिथे पाट फुटून काळी माती लोण्यासारखी झाली होती. पुढे साहेबांची मोटार आणि मागे अकाउंटंटची, दोन्ही बसल्या. बाईसाहेबांच्या चपला चिखलात राहिल्या, जेवणाचे डबे मोटारीत राहिले. आम्ही पोचेपर्यंत गावकऱ्यांनी बैल जुंपले होते. दस्तगीरभाई गुडघ्याएवढ्या चिखलात उतरून चाकाखाली दगड सारत होते आणि मधूनच म्हणत होते, हिकडं कसे आले, हिकडं कसे आले. साहेब बांधावर उभे होते. त्यांच्या हातात माझा टाइप केलेला कागद होता.

सोमवारी साहेबांनी दस्तगीरभाईंना बोलावून घेतलं. मी नेहमीप्रमाणे टेबलाच्या बाजूला वही घेऊन उभा होतो. दस्तगीरभाई टोपी घालून, धुतलेला सदरा घालून आले. साहेबांनी विचारलं, रस्ता तूच सांगितलास का. ते म्हणाले, व्हय.

"मारुतीपाशी उजवं सांगितलंस?"

"व्हय साहेब. उजवाच सांगितला."

मला तेव्हा कळलं. ते इतक्या खात्रीने, इतक्या सरळपणे म्हणाले की तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच नीट ऐकला. साहेबांना तो कबुलीजबाब वाटला. त्यांचा आवाज चढला. दस्तगीरभाई गोंधळले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यांनी लिवलंय. ह्यांना इचारा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझं प्रोबेशन संपायला दीड महिना होता. घरी राजापूरला माझ्या मनिऑर्डरीची वाट बघणारी माणसं होती. ही कारणं मी गेली कित्येक वर्षं स्वतःला सांगतो आहे, आणि ती खोटी नाहीत. मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, सर."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेब म्हणाले, ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याच्या हातात मी कारखान्याच्या सायकली देणार नाही. विषय संपला.

थोड्या वेळाने मी खिडकीतून पाहिलं. बाहेर शिपायाच्या बाकावर दस्तगीरभाई बसले होते. हात गुडघ्यांवर, टोपी मांडीवर. त्यांना बसता येत नव्हतं, सवयच नव्हती. बाकाच्या अगदी कडेवर, कुणी उठ म्हणेल ह्या बेताने बसले होते. शिपायाने पाणी दिलं ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मी खिडकीपासून बाजूला झालो आणि कुठलंसं पत्र टाइप करायला घेतलं. ते मला तीनदा करावं लागलं.

त्यानंतर मी काय केलं ते सांगितल्याशिवाय ह्या माणसाचं चित्र पुरं होत नाही. माझी खोलीवरून कारखान्यात जायची वाट त्यांच्या दुकानावरून होती. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने जायला लागलो. पहिल्या दिवशी पलीकडे सावली होती म्हणून, दुसऱ्या दिवशी घाई होती म्हणून. मग कारण शोधायचंही सोडलं. मान खाली घालून जायचो. त्यांनी एकदाही हाक मारली नाही. रविवारी मी खोलीत पडून राही आणि आढ्याकडे बघत मनातल्या मनात साहेबांपुढे उभा राहून खरं बोलून टाकी. सोमवारी तोंडाला कुलूप.

महिनाभर हे चाललं. मग शिपायाने सहज सांगितलं की स्टेशनवरचा मिस्त्री दुकान हलवतोय, नगरकडे कुठं तरी. त्या संध्याकाळी मी रस्ता ओलांडला नाही.

दस्तगीरभाई पान्याने खांबावरचे आकडे काढत होते. भाभी बोचकी बांधत होत्या. मला बघून त्या आत गेल्या. लिंबाचा डबा दारात काढून ठेवला होता. मी जे पाठ करून आलो होतो ते सगळं एका दमात सांगितलं. चूक माझी होती, मला तो शब्द कळला नाही, साहेबांपुढे मी ते दडवलं, आत्ताही येऊन सांगायला तयार आहे. ते ऐकत राहिले. एक आकडा निघाला, तो त्यांनी खिशात टाकला.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिशी मी फाट्यावर गेलतो. मोटारीचा माग बगितला. मारुतीच्या म्होरं यकदम उजवीकडं वळलेला. तवाच समजलं, राव, तुमी काय लिवलं ते."

 मी विचारलं, हे माहीत असून तुम्ही साहेबांकडे का गेला नाहीत. त्यांनी मान हलवली.

"तुमची नोकरी. चुकतो मानूस, त्येचं काय न्हाई. जागा गेली, तिचं वाईट वाटलं हिच्यापायी, पर जागा मिळतीया कुटं तरी." त्यांनी दुसऱ्या आकड्याला पाना लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पर तुमी त्या कडंनं जायला लागलात."

मला रडू आलं. तिथे, स्टेशनच्या रस्त्यावर, बावीस वर्षांचा बाप्या मी, शाळेतल्या मुलासारखा रडलो. त्यांनी मला रडू दिलं. समजूत घातली नाही. मी म्हटलं, उद्याच साहेबांना सांगतो. ते म्हणाले, सांगा, तुमचं मन हलकं होईल, पण आता आम्ही बोचकं बांधलं. मी खरंच सांगितलं. साहेबांनी मला खोलीबाहेर काढलं, चार दिवस बोलले नाहीत, आणि नोकरी मात्र राहिली. ती शेड दुसऱ्याला देऊन झाली होती.

पुढे पुष्कळ वर्षांनी मी मुलाच्या मोटारीतून महाळुंग्यावरून गेलो. कारखाने, कंटेनर, शिफ्ट सुटलेली गर्दी. मारुतीची घुमटी मला सापडली नाही आणि गाडी थांबवायला जागा नव्हती. मुलगा विचारत होता, नक्की काय शोधताय.

दस्तगीरभाई चिंचवड सोडून गेले त्या दिवशी सकाळी मी कारखान्यात उशिरा गेलो. भाभी सामानाबरोबर बैलगाडीत पुढे होत्या, मांडीत लिंबाचा डबा. गाडी माझ्यावरून गेली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मोठ्या रस्त्याच्या डाव्या कडेला, डांबर संपतं तिथे उभा होतो. मागून दस्तगीरभाई सायकलवर आले. कॅरिअरला हत्यारांची पेटी, हँडलला पंप बांधलेला, दोन्ही बाजूंना पोती. रस्ता मोकळा होता. सरळ निघून गेले असते तर मी त्यांच्या डाव्या अंगाला पडलो असतो, आणि डावलला गेलो असतो तर ते न्यायाचंच होतं.

माझ्यापासून वीसेक पावलांवर त्यांनी हँडल वळवलं. एवढ्या ओझ्याची सायकल त्यांनी डांबरावरून खाली मुरमात उतरवली. पेटी खडखडली, चाक घसरलं, त्यांनी पाय टेकून सावरलं. मग मी आणि बाजूचा चर यांच्यामधल्या चिंचोळ्या कडेने, माझ्या पाठीमागून, ते हळूहळू पुढे गेले.  माझ्या पुढे जाऊन पुन्हा डांबरावर चढले आणि बैलगाडीच्या मागे लागले.

मी मुरमात बघत उभा राहिलो. टायरचा माग मला उजवा घालून गेला होता.